आधीचा श्वास

१

माझ्या स्टुडिओच्या एका भिंतीला वेल्डिंगवाला आहे आणि दुसऱ्या भिंतीला न्हावी. न्हाव्याने दारात स्पीकर मांडलाय. सकाळी दुकान उघडताना तो सुरू होतो आणि संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत गप्प बसत नाही. वीज गेली की ओळीतल्या सगळ्या दुकानांचे जनरेटर एकदम घरघरायला लागतात, आणि खाणींच्या या आमच्या किट्वे शहरात वीज जायला काही निमित्त लागत नाही. अशा जागी गाणी रेकॉर्ड करायचा धंदा मांडलाय म्हटल्यावर लोक हसतात. "कासोंदे, या गोंगाटात तुला ऐकू तरी काय येतं?" मी सांगते, "सगळं येतं. त्याचाच तर त्रास आहे."

गाणाऱ्यासाठी आत एक छोटी खोली केलीय. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, एक जाड काच बसवलीय. गाणारा आत माईकपुढे, मी काचेच्या अलीकडे. मागच्या पावसात खोलीचं दार फुगलं, तेव्हापासून ते नीट बसत नाही. रॅप करणाऱ्या पोरांना त्याचं काही वाटत नाही, ती वेल्डिंगपेक्षा मोठ्याने ओरडतात.

बाना लुबूतोंचं तसं नव्हतं. त्यांचा आवाज साठी ओलांडलेल्या बाईचा, मऊ आणि खालचा. बाना लुबूतो म्हणजे लुबूतोची आई. आमच्याकडे बाईला मूल झालं की तिचं स्वतःचं नाव मागेच पडतं. त्या नाचिम्बुसा होत्या. लग्न ठरलेल्या मुलींना दाराआड बसवून संसाराच्या सगळ्या गोष्टी शिकवणारी बाई ती नाचिम्बुसा, आणि हे शिकवणं सगळं गाण्यांतून चालतं. ही गाणी पुरुषांसमोर म्हणत नाहीत. म्हणून लुबूतो रेकॉर्डिंग करणारी बाई शोधत माझ्याकडे आली.

लुबूतो शाळेत शिकवते. बोलणं सरळ आणि थोडकं. मला ती मानाने बा कासोंदे म्हणते. "मायो विसरायला लागलीय," ती म्हणाली. आईला मायो म्हणतात. "आधी शेजाऱ्यांची नावं गेली. मग बाजारातून घरी यायचा रस्ता गेला. आता कधी कधी मीही जाते. गाणी जायच्या आत मला ती धरून ठेवायचीत."

मायोंबरोबर ढोल वाजवणाऱ्या दोघी बायका येऊन आपापला ठेका रेकॉर्ड करून गेल्या. मग मायोंना आत बसवलं आणि माझ्याकडचे जुने हेडफोन दिले. त्यांच्या कानांवरच्या गाद्यांना चिरा गेलेल्या. आत वाजणारा ढोल फटीतून बाहेर झिरपायचा आणि माईकमध्ये शिरायचा. बाहेरचा न्हावी त्याच फटीतून मायोंच्या कानात शिरायचा. दुसऱ्या ओळीपर्यंत त्या यायच्या आणि थांबायच्या. काचेतून माझ्याकडे बघून हसायच्या, चुकून भलत्याच घरी शिरलेला पाहुणा हसतो तसं.

"राहिलं वाटतं," त्या म्हणायच्या. "होतं आत्ता इथेच."

लुबूतो माझ्या शेजारी मान खाली घालून बसलेली असायची. मी तिला म्हटलं, "त्यांना फक्त ढोल ऐकू यायला हवा. बाकीचं जग बंद. आधी चांगले हेडफोन आणू, मग बघू."

२

चिसोकोने नावाच्या बाजारात सिंकालाचं दुकान आहे. माझ्या सगळ्या तारा, माईक, दुरुस्त्या त्याच्याकडच्या. हेडफोन मायोंच्या डोक्यावर बसायला हवेत म्हणून मी आणि लुबूतो त्यांनाही घेऊन गेलो. सिंकालाने स्टूल पुसून त्यांना बसवलं, भाजलेल्या शेंगांची पुडी हातात दिली.

"बंद पाठीचे दाखव," मी म्हटलं. "उघड्या पाठीचे नकोत. ते ऐकायला छान, मोकळे वाटतात, पण त्यांतून आवाज दोन्ही बाजूंनी येतो-जातो."

"मला शिकव आता," सिंकाला म्हणाला. "वीस वर्षं मी इथे टोमॅटो विकतोय."

माझ्या फोनमध्ये चर्चच्या गायकांचं एक रेकॉर्डिंग आहे. त्यात तिसऱ्या ओळीला मागच्या रांगेतली एक बाई हळूच खोकते. हेडफोन पारखायचे तर मी तो खोकला शोधते. पहिल्या जोडीत खालचे सूर एवढे फुगलेले की सगळे पिंपात उभे राहून गातायत असं वाटलं, खोकला त्यात बुडाला. दुसऱ्या जोडीत खोकला लख्ख आला, पण गाद्या पातळ, पकड सैल, त्यामुळे बाजारही लख्ख आला. तिसरी जोडी जड होती. जाड गाद्या, कान पूर्ण आत जाईल अशी वाटी. ती घातली आणि बाजार गेला. समोर सिंकालाचे ओठ हलत होते, त्याच्यामागे बाई कोंबड्यांवरून भांडत होती, पण आवाज कुठलाच नाही. गायक आपापल्या जागी उभे असल्यासारखे वेगवेगळे ऐकू आले. खोकला आला, आणि खोकण्याआधी त्या बाईने गिळलेला आवंढाही आला. एवढी वर्षं तो मला कधी सापडला नव्हता.

"हेच," मी म्हटलं.

"डोकं दुखेल म्हातारीचं, पकड घट्ट आहे."

"घट्ट आहे म्हणूनच बंद होतंय."

मायोंचा डोक्याचा रुमाल मागे सारला, कानांतल्या रिंगा लुबूतोने काढून घेतल्या. गादीखाली कापडाची घडी जरी राहिली तरी फट पडते. मी दोन्ही वाट्या नीट बसवल्या. मायोंनी डोळे मिटले. शेंगांची पुडी मांडीवर ठेवली. थोड्या वेळाने त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "हो, ऐकतेय मी. सांग."

सिंकालाने हात वर करून तार दाखवली. तिचं टोक अजून त्याच्याच बोटांत होतं. "मायो, मी अजून लावलंच नाहीये काही."

आम्ही हसलो. आम्ही हसतोय हे बघून मायोही हसल्या, पण हेडफोन काढायला हात वर गेला नाही त्यांचा.

३

त्या दिवसापासून मायो न थांबता गायला लागल्या.

पहिल्या गाण्याला मी तयारीतच होते, थांबल्या की पुन्हा मागून सुरू करायचं म्हणून. थांबल्याच नाहीत. ओळीमागून ओळ, कडव्यामागून कडवं. लुबूतोने तोंडावर हात धरला होता. "हे मला येत नाही," ती पुटपुटली. "माझ्या लग्नातही नाही म्हटलं तिने हे."

"गाणी सगळ्यांत शेवटी जातात," मी म्हटलं. "नावं जातात, माणसं जातात, गाणी राहतात. बाहेरचा कलकलाट बंद झाला, आतलं वर आलं." हे मी कुठेतरी वाचलं होतं, आणि मला ते अगदी पटलेलंही होतं.

मायलेकी गेल्यावर दुपारी मी रेकॉर्डिंग साफ करायला बसले. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. जिथे आवाज तिथे फुगवटा, जिथे शांतता तिथे सपाट. नव्या हेडफोनांतून ढोल मुळीच झिरपला नव्हता. मायोंचा आवाज धुतल्यासारखा स्वच्छ. आणि त्या स्वच्छपणात, प्रत्येक ओळीच्या थोडं आधी, रेघेवर एक बारीक पुटकुळी होती.

श्वास, मला वाटलं. गाणारा ओळीआधी श्वास घेतोच. पण मायोंचा श्वास वेगळा दिसत होता, ओळीला चिकटून. ही पुटकुळी त्याच्याही आधीची. मी आवाज वाढवला. आधी कुणीतरी हलकेच श्वास आत घेतला, आणि मग त्या श्वासावरच, आवाज न लावता, कुजबुजीतून ओळ सांगितली. त्यानंतर मायोंचा श्वास. त्यानंतर मायो.

पडसाद म्हणावा तर पडसाद नंतर येतो. हा आधी येत होता.

मी रेडिओवर शिकाऊ होते तेव्हा आमचे साहेब सांगायचे की टेप गुंडाळून ठेवली की एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो, आणि मग गाणं सुरू व्हायच्या आधीच ते पुसट ऐकू येतं. ऐकलंही होतं मी तसं. पण माझ्याकडे टेप कुठेय, संगणकात कसला आलाय थर. मग मला ढोलवाल्या बायकांचा संशय आला. वाजवताना त्या मनातल्या मनात गाणं म्हणत असतील, तेच मायोंना हेडफोनमध्ये ऐकू येत असेल. मला एवढं बरं वाटलं की मी उठून चहा केला. मग ढोलाचे ट्रॅक एकेक करून ऐकले. कातडं, बोटं, बांगड्या. तोंडातून काही नाही.

४

पुढच्या खेपेला मायो स्वतःच म्हणाल्या. गाणं संपवून बाहेर आल्या, पाणी प्यायल्या आणि लुबूतो बाहेर फोनवर बोलतेय असं बघून मला जवळ बोलावलं.

"पोरी, ती आत कोण बसवलीयस?"

"कुठे, मायो?"

"यात." त्यांनी हेडफोनवर बोट ठेवलं. "पुढची ओळ सांगते ती. चांगली आहे हो. उच्चार स्वच्छ आहेत. आमच्या गावाकडचे आहेत. आजकालच्या मुलींना येत नाहीत असे."

"मी कुणाला नाही बसवलं."

"बरं," त्या म्हणाल्या. मी काहीतरी लपवतेय आणि ते लपवायचा मला हक्क आहे, अशा सुरात.

विसरणाऱ्या माणसाला असे भास होतात हे मला माहीत होतं. पण भास माझ्या माईकमध्ये कसा उतरला होता? मी ठरवलं, की याचा छडा लावायचा. खरं सांगते, तोवर मला भीती वाटलीच नव्हती. एखाद्या यंत्रातून कुरकुर येतेय आणि कुठला स्क्रू ढिला आहे ते कळत नाही, तेव्हा जशी खाज सुटते तशी सुटली होती.

मायो पुन्हा आत गेल्या. मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवले, दार लावलं आणि अलीकडे येऊन तार उपसून टाकली. आता त्यांच्या कानावर नुसत्या दोन बंद वाट्या होत्या, ना ढोल, ना मी. माईक मात्र चालू ठेवला. काचेतून हाताने खूण केली, सुरू करा.

मायोंनी किंचित मान वाकडी केली, वाट बघितली, आणि गायला लागल्या. सगळं गाणं म्हटलं. ढोल वाजत नव्हता तरी ठेका जागच्या जागी होता. शेवटी, दुसऱ्याचं ऐकून झाल्यावर आपण करतो तसं, हलकंच "हं" केलं.

मग मी आत जाऊन हेडफोन काढून घेतले आणि म्हटलं, "आता तेच पुन्हा म्हणा ना, मायो."

त्यांनी तोंड उघडलं. पहिला शब्द आला. मग त्या माझ्याकडे बघून हसल्या.

"राहिलं वाटतं."

५

साहजिकच, दुसऱ्या दिवशी दार लावून मी स्वतः आत बसले. तार नाही, माईक नाही. हेडफोन घातले आणि वाट्या हातांनी दाबून धरल्या.

चांगले बंद हेडफोन घातले की शांतता मिळते असं लोकांना वाटतं. शांतता मिळत नाही. बाहेरचं गेलं की आपलंच शरीर मोठं होतं. जबडा सांध्यात सरकतो तो ऐकू येतो. मान वळवली की दोरखंड ताणल्यासारखं करकरतं. पापणी मिटल्याचाही आवाज असतो. रक्त तर नदीसारखं चालूच असतं. खाणीत दुपारचा सुरुंग उडाला, तो कानांतून न येता पायांतून वर आला, हाडाहाडांनी. म्हणजे बंद वाटीतही काही गोष्टी येतात, मी स्वतःला समजावलं. ज्या आपल्या हाडांतून येतात त्या येतात.

बराच वेळ बसले. एकदा वाटलं, रक्ताच्या आवाजामागे काहीतरी थांबलंय. आवाज नव्हता तो. समोरचा माणूस बोलायला तोंड उघडतो आणि आपण आधी बोलणार का म्हणून थबकतो, तसं काहीसं. मी श्वास रोखला. नदी वाहत होती. त्यात अगदी हलका, कुणीतरी श्वास आत घेतला.

मी हेडफोन काढले. वेल्डिंग, न्हावी, रस्त्यावरचे हॉर्न सगळं अंगावर आलं, आणि त्या गोंगाटाला मी पहिल्यांदाच मनापासून चांगलं म्हटलं. मग वाटलं, मूर्ख आहेस, तुझाच श्वास असेल.

पण माझा तर रोखलेला होता.

पुन्हा घातले. नाही म्हणजे नाही, काहीच आलं नाही. संध्याकाळपर्यंत तीनदा घातले, काढले. मला ते यायला हवं होतं. ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही.

६

शुक्रवारी लुबूतोने हेडफोन घरी न्यायला मागितले. "ती सारखी विचारते, ते कुठेयत म्हणून. आणि ते घातले की..." तिने वाक्य सोडून दिलं. तिचा चेहरा इतका उजळलेला होता की मी कशासाठी म्हणून विचारलंही नाही. दिले.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती आली. मुलांच्या वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसली.

"शनिवारचा दिवस फार छान गेला," ती म्हणाली. "ते घातले की ती मला ओळखते. लुबूतो म्हणते. माझ्या जन्माची गोष्ट सांगितली, दाई कशी उशिरा आली, बाबा कसे सायकलवरून पडले. वर्षभरात तिने मला एवढं काही सांगितलं नव्हतं. मी विचारते, ती जरा थांबते आणि सांगते. बरोबर सांगते."

"जरा थांबते?"

"हो. तेच." तिने गठ्ठा बाजूला ठेवला. "मी तुम्हाला एक सांगते, कुणाला बोलू नका. लहानपणी मला एन्डोलाला मामाकडे ठेवलं होतं. मला करमायचं नाही. दुपारी घर रिकामं असलं की मी कपड्यांच्या कपाटात जाऊन बसायची, आतून दार ओढून घ्यायची आणि स्वतःलाच गोष्ट सांगायची. एका मुलीची, जिला मगरी सांभाळतात. मायो तेव्हा इथे किट्वेत होती. हे मी तिला कधी सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही."

"मग?"

"काल मी तिच्या पायांना तेल लावत होते. ती म्हणाली, कपाटात बसायचीस तेव्हा तुझे पाय मुंगळ्यांनी चावून लाल झालेले असायचे. मग ती गोष्ट सांगायला लागली. मगरींची. माझ्याच शब्दांत. मुलगी नदीत परत जाते तो शेवटही सांगितला."

बाहेर वेल्डिंगच्या ठिणग्यांचा उजेड भिंतीवर हलत होता. लुबूतो माझ्याकडे न बघता बोलली.

"शेवट मी कधी मोठ्याने म्हटलाच नव्हता, बा कासोंदे. त्या कपाटातसुद्धा नाही. तो मी मनातच ठेवला होता."

"मग काढून घे ते त्यांच्या डोक्यावरून," मी म्हटलं.

"काढले की मी तिला दवाखान्यातली नर्स वाटते. ती मला थँक यू म्हणते." तिने डोळे पुसले. "तुम्ही सांगा, मी काय करू?"

मी विचारलं ते भलतंच. "हेडफोनमधून त्यांना सांगते ती जी कोण आहे, तिचा आवाज कसा आहे, विचारलंस का मायोंना?"

लुबूतोने वह्यांचा गठ्ठा उचलला आणि ती निघाली.

७

एक गाणं राहिलं होतं. शिकवणं पुरं झालं, आता दार उघडायचं आणि मुलीला बाहेर न्यायचं, तेव्हा म्हणतात ते. मायो आत बसल्या. रुमाल मागे, रिंगा लुबूतोच्या मुठीत. मी ढोल सुरू केला. रेकॉर्डिंग चालू.

मायो गायल्या नाहीत. त्यांनी हात वर केला, बाजारात गाडी थांबवतात तसा. मी ढोल बंद केला.

"लुबूतो बाहेर आहे ना?" माईकमधून त्यांचा आवाज आला.

"आहे, मायो." लुबूतोने माझ्यासमोरचं बटण दाबून उत्तर दिलं.

"मी हिला नाव विचारलं," मायो म्हणाल्या. "आजच नाही, बरेचदा विचारलं. माझ्या घरातली सगळी नावं हिला येतात. गेलेल्यांचीही येतात. माझ्या चुलीशी कोण काय बोललं ते येतं. पण स्वतःचं नाव विचारलं की गप्प बसते. कोणाची मुलगी, कुठल्या गावची, काही नाही. पुढची ओळ तेवढी सांगते."

"मायो, तुला त्रास देते का ती?"

"नाही गं. फार गोड आहे. पण मी एवढ्या मुलींना शिकवलं, की दारात येणाऱ्याने आधी आपलं नाव सांगायचं असतं, आणि न सांगणाऱ्याला आत घ्यायचं नसतं. आणि ही तर येऊन बसलीय. जेवायला बसलीय म्हण ना." त्यांनी हेडफोनवर हात ठेवला. "तेव्हा आता उठवते तिला."

लुबूतोने पुन्हा बटण दाबलं. "काढलेस तर तुला मी आठवणार नाही."

"तेच सांगतेय ती. तुझ्या आधीच सांगितलं तिने." मायोंनी डोळे उघडले. "घाई झालीय तिला आज. दोन-दोनदा सांगतेय. म्हणून तर काढते. तू आत ये, समोर उभी राहा."

लुबूतो आत गेली. मी काचेच्या अलीकडेच राहिले. मायोंनी हेडफोन घालूनच मुलीकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, लग्नाच्या मुलीला बघतात तसं. मग दोन्ही हातांनी हेडफोन उचलले आणि माईकशेजारच्या खुंटीवर अडकवले. वाट्या एकमेकींवर आपटून बंद झाल्या.

मायोंचा चेहरा काही क्षण तसाच राहिला. मग सैल पडला. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, गाद्या बघितल्या, आणि समोर उभ्या असलेल्या बाईला अदबीने विचारलं, "तू कोणाची गं, बाळ?"

"मी लुबूतो."

"लुबूतो." मायो विचारात पडल्या. त्यांना कुणीही काही सांगत नव्हतं, आणि त्या एकट्याच शोधत होत्या, अंधारात चाचपडत जाणाऱ्या माणसासारख्या. "मग तू माझीच असशील," त्या शेवटी म्हणाल्या. "मला सगळे लुबूतोची आई म्हणतात."

लुबूतो खाली बसली आणि तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी तोंड फिरवून न्हाव्याच्या भिंतीकडे बघत राहिले.

८

राहिलेलं गाणं राहिलंच. लुबूतो म्हणाली, असू दे. बाकीची मी तिला दिली. त्याआधी प्रत्येक ओळीआधीची ती पुटकुळी कापली. या कामात बरेच दिवस गेले, कारण काही ठिकाणी ती मायोंच्या श्वासात इतकी मिसळलेली होती की कुठली कोणाची ते मला वेगळं करता येईना. तिथे मी सुरी चालवली नाही. एक-दोन लग्नांत बायकांनी ती गाणी लावून शिकूनही घेतली म्हणे.

मायो आता शब्द म्हणत नाहीत, नुसत्या गुणगुणतात. मांडीवर ठेका मात्र चुकत नाही. लुबूतो सकाळी चहा देताना आपलं नाव सांगते आणि मायो दरवेळी हिशेब लावून ती आपली आहे असं ठरवतात. कधी हिशेब जुळत नाही. तेव्हा लुबूतो म्हणते की मी शेजारी राहते, आणि दोघी शेंगा सोलत बसतात.

सिंकालाने हेडफोन परत घ्यायची तयारी दाखवली होती. मी म्हटलं, राहू देत. असे चांगले पुन्हा मिळत नाहीत.

काल दुपारी संगणकात जागा करायला जुन्या फायली पुसत होते. त्यात तो शेवटचा दिवस निघाला. मायोंनी हेडफोन खुंटीवर अडकवले, मायलेकी बाहेर आल्या, मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले, आणि या सगळ्यात रेकॉर्डिंग बंद करायचं राहूनच गेलं होतं. रिकाम्या खोलीचा लांबलचक तुकडा. स्पीकरवर लावून बघितला, दार वाजल्यानंतर काही नव्हतं. पडद्यावर त्यापुढे रेघ सपाट, एक पुटकुळी नाही. पुसायला बोट ठेवलं होतं.

मग मी हेडफोन घातले. नीट बसवले, केस मागे घेतले, वाट्या दाबल्या.

मायो बाहेर पडल्याचं दार वाजलं. मग खोलीची शांतता. मग कुणीतरी हलकेच श्वास आत घेतला आणि कुजबुजत एक ओळ सांगितली. थांबलं. एक ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबलं. मग पुढचा श्वास, पुढची ओळ. पुन्हा थांबलं. गाणाऱ्यासाठी जागा सोडलेली होती. रिकाम्या खोलीत, न कंटाळता, न चुकता, ते मुलीला दाराबाहेर नेण्याचं गाणं चालू होतं.

मला ती गाणी येत नाहीत. माझं लग्न कचेरीत झालं, मला कुठल्या नाचिम्बुसाने कधी बसवून शिकवलं नाही. मी नुसती ऐकत होते, पुढे काय येतं एवढंच बघायला. बऱ्याच वेळाने समोरच्या काचेत माझंच प्रतिबिंब दिसलं आणि लक्षात आलं, की सोडलेल्या प्रत्येक जागेत माझे ओठ हलतायत.

मी फाईल तिथेच थांबवली. हेडफोन काढून टेबलावर ठेवले. न्हाव्याचा स्पीकर चालू होता, वेल्डिंगवाला लोखंड कापत होता, दार मी सताड उघडं टाकलं होतं. गाणं अर्ध्यात तुटलं होतं, पुढची ओळ अजून कुणी सांगितलेली नव्हती.

ती मला येत होती.